चेंबरमधली पायरी कुणाच्या मापाची?

पुण्यात ड्रेनेजच्या चेंबरची चर्चा दोनच प्रसंगी होते. झाकण रस्त्यापेक्षा वर आलं किंवा खाली खचलं आणि दुचाकीवरून कुणी पडलं, की फोटो छापून येतो. आणि आत उतरलेला माणूस परत वर आला नाही, की बातमी येते. लोणी काळभोर परिसरात आणि वाघोलीत २०२२ मध्ये सेप्टिक टँकमध्ये उतरलेली माणसं अशीच गेली. तेव्हा आपण झाकणाबद्दल बोलतो, वायूबद्दल बोलतो, ठेकेदाराला धारेवर धरतो. पण झाकण आणि तळ यांच्यामध्ये भिंतीत रोवलेल्या पायऱ्यांबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. त्या आहेत का, किती अंतरावर आहेत, त्यांवर पाय मावतो का, त्या दमलेल्या माणसाला वर आणू शकतात का, हे कुणी विचारत नाही. त्या बसवणारासुद्धा बहुधा नाही.

ही पायरी सध्या भिंतीच्या सोयीने बसते. ती माणसाच्या गुडघ्याच्या, पंजाच्या आणि मुठीच्या सोयीने बसली पाहिजे. तिचं वेगळं रेखाचित्र हवं, वेगळी चाचणी हवी आणि बिलात वेगळी ओळ हवी. माझी मागणी एवढीच आहे, पण ती मांडली की पहिला आक्षेप लगेच येतो: माणूस आत उतरायलाच नको, तर पायऱ्या सुधारायच्या कशाला?

हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवून सफाई करून घेणं हा गुन्हा ठरवला. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मृताच्या कुटुंबाला १० लाख रुपये भरपाई ठरवून दिली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाखांवर नेली. २०२३-२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तर ‘मॅनहोल’कडून ‘मशीन-होल’कडे जाण्याची घोषणाच झाली. आणि तरीही २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत अशा सफाईत ३७७ माणसं मेली, असं सरकारनेच संसदेत सांगितलं आहे. चोकअप, म्हणजे तुंबलेली लाइन, काढायला माणूस उतरता कामा नये, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. ते काम जेटिंग मशीनचं आणि सक्शन गाडीचं आहे.

पण चेंबर म्हणजे फक्त चोकअप नव्हे. नवी लाइन जुन्या चेंबरला जोडायची तर भिंत आतून फोडावी लागते. बेंचिंग, म्हणजे तळाचं उतरतं काँक्रीट, उखडलं तर ते हातानेच पुन्हा करावं लागतं. काम चालू असताना वरून येणारा प्रवाह अडवायला पाइपच्या तोंडात प्लग बसवावा लागतो. शिवाय ड्रेनेजखेरीज कितीतरी खोल जागा शहरात आहेत: पाणीपुरवठ्याचे व्हॉल्व्ह चेंबर, पंपिंग स्टेशनच्या विहिरी, केबलचे चेंबर, सोसायट्यांच्या जमिनीखालच्या टाक्या. तिथे माणूस उतरतो, आणि पुढची कित्येक वर्षं उतरणार आहे. कायदेशीर मार्गाने, परवानगी घेऊन, वायू तपासून, अंगात हार्नेस घालून उतरणाऱ्या माणसालाही पाय ठेवायला जागा लागतेच. ‘उतरायचंच नाही’ असं कागदावर लिहून पायरीचा विषय मिटवला, तर उतरणं थांबत नाही. माणूस दोराला लोंबकळून किंवा बांबूची शिडी लावून उतरतो.

आता ती पायरी जवळून पाहू. जुन्या विटांच्या चेंबरमध्ये ती म्हणजे लोखंडी सळई वाकवून केलेला इंग्रजी ‘यू’च्या आकाराचा कडा. त्याची दोन टोकं भिंतीत गाडलेली. नव्या चेंबरमध्ये नारिंगी प्लॅस्टिकचं आवरण घातलेला फूटरेस्ट दिसतो. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीत त्याचं वर्णन बारकाईने दिलेलं आहे: आत १२ मिलिमीटरची सळई, वर किमान ६ मिलिमीटर जाडीचं प्लॅस्टिक, एकूण लांबी किमान २६३ मिलिमीटर, त्यातलं १३८ मिलिमीटर शेपूट भिंतीत, रुंदी १६५ मिलिमीटर आणि पायरीच्या दोन दांड्यांमधली मोकळी जागा किमान ११२ मिलिमीटर. जुन्या सळईपेक्षा ही वस्तू कितीतरी चांगली आहे. ती गंजत नाही, अंधारात दिसते, वरच्या बाजूला घसरू नये म्हणून रेघा असतात.

पण मापं पुन्हा वाचा. भिंतीबाहेर येते ती साधारण १२५ मिलिमीटर. त्यातून दांड्याची जाडी वजा केली की पंजा आत सरकायला जेमतेम १० सेंटिमीटर उरतात. आणि ११२ मिलिमीटर ही मोकळी जागा एका गमबुटाच्या तळव्याएवढी आहे. म्हणजे या पायरीवर एकच पाय मावतो, तोही फक्त बोटांपासून चवड्यापर्यंत. दुसरा पाय शेजारी टेकवायला जागाच नाही. म्हणून या पायऱ्या दोन उभ्या रांगांत डावी-उजवी अशा एकाआड एक बसवतात, आणि दोन पायऱ्यांत उभं अंतर बहुतेक ३० सेंटिमीटर ठेवतात.

कागदावर हे नीट दिसतं. चढणाऱ्याच्या अंगाने पाहिलं की त्यातली मेख कळते. डावा पाय डाव्या रांगेतून पुढच्या डाव्या पायरीवर न्यायचा, तर तो एका दमात ६० सेंटिमीटर उचलावा लागतो. जिन्यावरही आपण पाय दोन पायऱ्यांएवढा उचलतो, पण घरांच्या जिन्याची एक पायरी १९ सेंटिमीटरपेक्षा उंच नसावी असा नियम आहे, म्हणजे तो उचल ३८ सेंटिमीटरचा होतो. मोठा फरक पुढेच आहे. जिन्यावर किंवा साध्या शिडीवर दमलेला माणूस दोन्ही पाय एका पायरीवर आणतो, क्षणभर उभा राहतो आणि पुढची पायरी घेतो. म्हातारी माणसं पर्वती अशीच चढतात. एकाआड एक पायऱ्यांवर ही सोयच काढून घेतलेली आहे. तिथे थांबायचं तर एक गुडघा वाकलेला ठेवूनच थांबावं लागतं, आणि वाकलेल्या गुडघ्यावर थांबणं हा विसावा नव्हे.

दमणुकीचं कारण चढायची उंची नाही. ६० किलोचा माणूस ५ मीटर वर येतो तेव्हा त्याने केलेलं निव्वळ काम पाऊण किलोकॅलरीसुद्धा भरत नाही. त्याला दमवतं ते धरून ठेवणं. सरळ उभ्या भिंतीला तोंड करून माणूस चढतो तेव्हा त्याचे पंजे भिंतीपासून सात-आठ सेंटिमीटरवर टेकलेले असतात आणि शरीराचा भार त्याहून बराच बाहेर, तीसेक सेंटिमीटरवर असतो. म्हणजे शरीर सतत मागे कलंडायला बघतं आणि हात त्याला पुढे ओढून ठेवतात. ढोबळ हिशेब केला तर नुसतं उभं राहायलाही हातांना दहा-अकरा किलोचा ओढा सहन करावा लागतो. एक हात सोडला की तो सगळा एका मुठीवर. आखडून धरलेल्या स्नायूत रक्त नीट फिरत नाही, म्हणून तो हालचाल करणाऱ्या स्नायूपेक्षा कितीतरी लवकर थकतो. पोटऱ्यांचंही तेच. चवड्यावर उभं राहिलं की सगळं वजन पोटरीने तोलून धरायचं. तोच दांडा तळपायाच्या खोलगट भागाखाली आला, तर हाडं भार घेतात आणि पोटरी मोकळी होते. पंजाला आत सरकायला आणखी पाच-सहा सेंटिमीटर मिळाले, तरी हात आणि पोटरी दोघांचाही भार हलका होतो.

अमेरिकेतल्या कामगार-सुरक्षा नियमांत या बाबतीत एक विसंगती आहे. भिंतीला कायमच्या बसवलेल्या शिडीच्या दांड्यामागे १८ सेंटिमीटर मोकळी जागा हवी, असं ते नियम सांगतात. मॅनहोलच्या पायरीमागे मात्र ११ सेंटिमीटर पुरे. पाय तोच, बूट तोच, उलट मॅनहोलमधला बूट ओला आणि चिखलाने माखलेला. तरी कमी जागा दिलेली आहे. याच नियमांत मॅनहोलच्या दोन पायऱ्यांत ४१ सेंटिमीटरपर्यंत अंतर चालतं, जे माझ्या मते फारच जास्त आहे. मात्र त्यातल्या तीन गोष्टी जशाच्या तशा घेण्याजोग्या आहेत: पायरीची रुंदी किमान २५ सेंटिमीटर, सगळ्या पायऱ्यांमध्ये एकसारखं अंतर, आणि पाय बाजूने घसरून सुटणार नाही अशी टोकांची रचना.

त्यातही एकसारख्या अंतराचा मुद्दा मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. उतरताना माणसाला खालची पायरी दिसत नाही. त्याचंच शरीर आड येतं, प्रकाश वरून येतो आणि सावली नेमकी पायांवर पडते. तो पायाने चाचपडत उतरतो. पहिल्या तीन-चार पायऱ्यांत पायाला अंतराची सवय लागते आणि पुढे पाय त्या सवयीवर विश्वास ठेवतो. अशा वेळी एकच पायरी दहा सेंटिमीटर खाली असली तर पाय अधांतरी जातो आणि सगळा भार हातांवर येतो. विटांच्या बांधकामात गवंडी थर मोजून कडा बसवतो. मधे पाइप आला, कमान आली, की तो एक थर सोडतो. त्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, कारण त्याला कुणी दुसरं काही सांगितलेलंच नसतं.

पुण्यातली या विषयातली खास अडचण रस्त्यांच्या डांबरीकरणातून येते. रस्त्यावर डांबराचा नवा थर पडतो, किंवा रस्ता काँक्रीटचा होतो, आणि चेंबर खाली जातं. मग ‘चेंबर समपातळीत आणण्याचं’ काम निघतं. झाकण काढतात, गळ्यावर, म्हणजे झाकणाखालच्या अरुंद भागावर, विटांचे दोन-तीन थर किंवा काँक्रीटची रिंग चढवतात, झाकण परत बसवतात. वरून सगळं गुळगुळीत. गळा मात्र वीस-तीस सेंटिमीटरने लांबलेला असतो आणि त्यात नवी पायरी कुणी घातलेली नसते. असं दोनदा-तीनदा झालं की पहिली पायरी रस्त्यापासून मीटरभर खाली जाते. उतरणाऱ्याने झाकणाच्या कडेवर बसायचं, पाय खाली सोडायचे आणि पायरी लागेपर्यंत कोपरांवर लोंबायचं. वर येताना तर याहून वाईट: शेवटच्या पायरीवर उभं राहिल्यावर हाताला धरायला रस्त्याच्या सपाट पृष्ठभागाखेरीज काही नाही. मी ज्या उपनगरातल्या कामावर हे पाहिलं, तिथे वरचा माणूस खालच्याच्या बखोटीला धरून त्याला बाहेर ओढत होता. दोघांचेही हात चिखलाने बरबटलेले. ओढणाऱ्याचा पाय कडेवरून घसरला असता तर दोघं एकदम आत गेले असते.

चढणीतली सगळ्यांत धोक्याची जागा हीच, शेवटची हातभर. पाय थकलेले असतात, अंग झाकणाच्या ५६ सेंटिमीटरच्या तोंडातून बाहेर काढायचं असतं आणि धरायला काही नसतं. त्यावरचा उपाय अवघड नाही. वरच्या दोन पायऱ्यांना अडकवायचा आणि ओढून जमिनीवर मीटरभर उंच करायचा दांडा, ही जगात रुळलेली वस्तू आहे. तो प्रत्येक चेंबरमध्ये असायची गरज नाही, प्रत्येक गाडीत एक असला तरी भागतं. पण तो अडकवायला वरच्या पायऱ्या भक्कम हव्यात आणि नेमक्या अंतरावर हव्यात. म्हणजे गोष्ट फिरून पायरीच्या रेखाचित्रावरच येते.

रुंद आणि जास्त बाहेर आलेली पायरी करा असं म्हणणं सोपं आहे, पण चेंबरच्या गळ्यात ती अडते, हेही इथेच सांगायला हवं. ५६ सेंटिमीटरच्या तोंडात पायरी १५ सेंटिमीटर बाहेर आली, तर उरतात ४१. हार्नेस घातलेला माणूस त्यातून खांदे तिरके करूनच जाईल, आणि बेशुद्ध माणसाला दोराने वर ओढायची वेळ आली तर तो त्या पायरीला अडकेल. म्हणून गळ्यापुरती पायरी बाहेर काढण्याऐवजी भिंतीच्या आत घेतली पाहिजे. सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर कातळात कोरलेल्या खोबणी पुण्यातल्या ट्रेकरला चांगल्या ठाऊक आहेत. पंजा पुरता आत जातो, वरची कड हाताला धरायला मिळते आणि वाटेत काही आडवं येत नाही. कारखान्यात आधीच ओतलेली (प्रीकास्ट) काँक्रीटची रिंग तयार करतानाच तशी खोबण सोडता येते, आणि तिच्या तोंडाशी रिंगच्या आतल्या पृष्ठभागाला समतल असा दांडा बसवता येतो. गळ्यात रिंग थोडी जाड करावी लागेल, इतकंच. खोबणीत घाण साचेल, हा आक्षेप तळाजवळ खरा आहे. गळा प्रवाहापासून इतका वर असतो की तिथे तो फारसा लागू पडत नाही. खाली, जिथे चेंबरचा व्यास १.२ किंवा १.५ मीटर होतो, तिथे बाहेर आलेली रुंद पायरी सहज मावते.

गळ्यापासून खालचा भाग रुंदावतो, त्याचा आकारही महत्त्वाचा आहे. शंकूचा भाग सगळीकडून सारखा निमुळता असेल, तर त्या भागातल्या पायऱ्या चढणाऱ्याच्या डोक्यावर झुकलेल्या येतात, आणि हातांवरचा ओढा आणखी वाढतो. एक बाजू सरळ ठेवून दुसऱ्या बाजूने निमुळतं होणारा शंकू वापरला, तर पायऱ्या तळापासून तोंडापर्यंत एका ओळंब्यात येतात. साच्यात फरक एवढाच.

आता गंज. सांडपाण्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो आणि पाण्याच्या वरच्या ओल्या भिंतींवर जिवाणू त्याचं गंधकाम्ल करतात. ते सिमेंट खातं आणि लोखंडही खातं. सळई सगळ्यांत आधी झिजते ती भिंतीत शिरते तिथे. बाहेरून कडा धडधाकट दिसतो, पण मुळाशी तो पेन्सिलीएवढा उरलेला असतो, शिवाय गंज फुगून भोवतालचा गिलावा फुटलेला. हे डोळ्यांनी कळत नाही, वजन टाकल्यावरच कळतं. प्लॅस्टिकच्या आवरणाने सळई वाचते, पण भिंतीतल्या भोकात ती सिमेंटने नीट भरून घट्ट (ग्राउट) केली नसेल तर आवरण कितीही चांगलं असो, पायरी अख्खी उपटून हातात येते. बसवल्यावर प्रत्येक पायरी ओढून पाहण्याची चाचणी म्हणूनच हवी. त्याला प्रयोगशाळा लागत नाही. तिपाई, चेन पुली आणि वजनकाटा एवढ्यावर ती साइटवर करता येते.

हाच वायू चढण्याच्या श्रमाशीही जोडलेला आहे, आणि हे फारसं बोललं जात नाही. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असतो, तळाशी साचतो. थोडा असला की सडक्या अंड्यांचा वास येतो, वाढला की नाकच बधिर होतं आणि वास येणं थांबतं. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा-आठ लिटर हवा आत घेतो. जोराचं काम करताना तीच ४० लिटरच्या पुढे जाते. हातातला वायुमापक वाजला आणि माणूस घाईने चढू लागला, तर वाईट पायऱ्यांवर तो जास्त वेळ तळाजवळ राहील आणि त्या वेळात जास्त श्वास घेईल. दोन्ही बाजूंनी तोटा. पायरी सोपी असली म्हणजे वायू तपासायची, हवा खेळवायची, हार्नेस आणि तिपाईची गरज संपते असं मुळीच नाही. पण हे सगळं असतानाही शरीर वर येतं ते पायांनीच, आणि त्या मिनिटभरात पायरी त्याच्या बाजूने असली पाहिजे.

आणखी एक आक्षेप अभियंत्यांकडूनच येतो, आणि तो वजनदार आहे. परदेशात, विशेषतः अमेरिकेत, कित्येक शहरांनी मॅनहोलमध्ये कायमच्या पायऱ्या बसवणं बंद केलं. गंजलेल्या पायरीवर विश्वास ठेवून माणूस पडतो, त्यापेक्षा पायरीच नको, कामगाराने आपली शिडी घेऊन यावं, हा त्यांचा विचार. दीड-दोन मीटरच्या उथळ चेंबरबद्दल मला तो मान्य आहे. तिथे हलकी ॲल्युमिनियमची शिडी उत्तम. पण ओढ्या-नाल्यांच्या काठाने आणि नदीकाठाने जाणाऱ्या मुख्य वाहिन्यांवरचे चेंबर त्याहून पुष्कळ खोल असतात. एवढी लांब शिडी ५६ सेंटिमीटरच्या तोंडातून आत घालायची, ती उतरत्या, शेवाळलेल्या बेंचिंगवर टेकवायची, आणि तिने अर्धं तोंड अडवलेलं असताना त्यातूनच उतरायचं, हे मला सुरक्षित वाटत नाही. आणि आपल्याकडे गाडीत ती शिडी असेलच याची खात्री कोण देणार? पायरी नसलेल्या चेंबरसमोर शिडी नसलेला मुकादम उभा असेल, तर तो काम रद्द करत नाही. तो दोर मागवतो. म्हणून उथळ चेंबरमध्ये पायऱ्या नकोत, शिडी सक्तीची करा. खोल चेंबरमध्ये कायमच्या, रुंद, तपासलेल्या पायऱ्याच हव्यात, आणि चार-साडेचार मीटरपेक्षा जास्त खोलीला मधे उभं राहायला जाळीचा टप्पा हवा.

नाल्याकाठच्या काही चेंबरना तर बाहेरूनही शिडी लागते. पुराचं पाणी आत शिरू नये म्हणून ते जमिनीपासून पुरुषभर उंच बांधलेले असतात. झाकण उघडायला जाणारा माणूस हातात पहार घेऊन त्यावर कसा चढतो, हे ज्याने रेखाचित्र काढलं त्याने एकदा तरी पाहायला हवं.

हे सगळं महापालिकेवर ढकलून आपण मोकळे होऊ शकत नाही. कोथरूड असो, बाणेर असो की हडपसर, जवळजवळ प्रत्येक सोसायटीत जमिनीखाली पाण्याची टाकी आहे. तिचं झाकण उघडून आत डोकावून पाहावं. बार बेंडरने उरलेल्या सळया वाकवून भिंतीत खुपसलेल्या पायऱ्या दिसतील, वरची एखादी तुटलेली, बाकीच्यांवर गंजाचे पापुद्रे, आणि तो गंज आपल्याच पिण्याच्या पाण्यात. टाकी धुवायला येणारी पोरं बादली, ब्रश आणि पंप घेऊन त्यावरून उतरतात. त्या पायऱ्या कापून तिथे स्टेनलेस स्टीलची रुंद दांड्यांची, मागे पंजा मावेल एवढी जागा सोडलेली शिडी बसवायला सोसायटीच्या वार्षिक देखभालीतला अगदी लहानसा हिस्सा पुरतो. सर्वसाधारण सभेत पार्किंगवर तासभर वाद होतो. त्या सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय एकदा यावा.

पायरीचा विचार इतकी वर्षं का झाला नाही, याचं उत्तर खर्चात सापडत नाही. ५ मीटरच्या चेंबरमध्ये ३० सेंटिमीटरच्या जागी २५ सेंटिमीटर अंतर ठेवलं तर तीन-चार पायऱ्या वाढतात. खोदाई, डांबर, पाइप आणि झाकण यांच्यापुढे ती रक्कम नगण्य आहे. खरं कारण हे, की या पायऱ्यांवरून कोण उतरतं ते सगळ्यांना माहीत आहे. पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक जातींतलीच माणसं उतरत आली आणि आज ठेकेदारीतही बहुतेक तीच उतरतात. ज्यांनी मापं ठरवली, ज्यांनी ती तपासली, ज्यांनी बिलावर सही केली, त्यांच्या घरातल्या कुणालाही त्या पायरीवर कधी पाय ठेवावा लागला नाही. ऑफिसमधल्या खुर्चीची उंची ठरवताना आपण पाठीचा विचार करतो. ज्याच्या पायाखाली पाच मीटर अंधार आहे, त्याच्या पायरीचं माप ठरवताना त्यालाच विचारलेलं नाही. मापं ठरवायला बसाल तेव्हा ड्रेनेजच्या कामावर वर्षानुवर्षं काढलेले दोन-तीन बिगारी आणि एक मुकादम त्या बैठकीत हवेत, गमबूट घालून, नमुन्याच्या चेंबरमध्ये चढून-उतरून दाखवायला. पंचवीस बरं की अठ्ठावीस, हे तेच सांगतील.

मी माझ्यापुरती मापं अशी धरतो: रुंदी ३५ सेंटिमीटर, म्हणजे दोन्ही बूट शेजारी-शेजारी मावतील. उभं अंतर २५ सेंटिमीटर, कुठेही सेंटिमीटरभरापेक्षा कमी-जास्त नाही. पंजासाठी मागे १५ सेंटिमीटर मोकळे. दोन्ही टोकांना उभे कान, वर खरखरीत रेघा, पूर्ण आवरण. पहिली पायरी झाकणाखाली ४५ सेंटिमीटरच्या आत, आणि रस्ता उंचावला की ती नव्याने बसवण्याची सक्ती समपातळीच्या त्याच कामात. चेंबरच्या दरात ‘पायऱ्यांसह’ असं मोघम लिहिलं की त्या मोजमाप पुस्तकात येतच नाहीत, आणि जे मोजलं जात नाही ते तपासलंही जात नाही. म्हणून पायऱ्यांची संख्या, अंतर आणि ओढ-चाचणीचा आकडा मोजमाप पुस्तकात स्वतंत्र नोंदवावा, आणि तो नसेल तर त्या चेंबरचं बिल अडवावं.

हे ठरवायची वेळ आत्ता आहे. मुळा-मुठा प्रदूषण रोखण्यासाठी जपानी कर्जातून दिवसाला एकूण ३९६ दशलक्ष लिटर क्षमतेचे ११ सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प आणि त्यांना जोडणाऱ्या वाहिन्या यांचा मोठा कार्यक्रम या शहराने हाती घेतला. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली. त्यातली दोन नंतर वेगळी झाली, तरी उरलेल्या गावांमधल्या कित्येक रस्त्यांखाली ड्रेनेज लाइन अजून टाकायची आहे. हे चेंबर बहुतांश प्रीकास्ट रिंगांचे असतील. रिंगच्या साच्यात पायरीची भोकं कुठे आणि किती रुंदीवर ठेवायची, हे एकदा ठरतं आणि मग त्या साच्यातून हजारो रिंगा निघतात. साचा कारखान्यात असेपर्यंत बदल म्हणजे एका रेखाचित्रावरची दुरुस्ती. रिंगा जमिनीत गेल्यावर तोच बदल करायचा तर प्रत्येक चेंबरमध्ये माणूस उतरवून, भिंत कोरूनच करावा लागेल.